धरणाखाली बारमाही विसर्ग असूनही मासे का घटतात?

प्रश्न
पाणीपुरवठ्याच्या अनेक धरणांतून नदीत वर्षभर ठरावीक किमान विसर्ग सोडला जातो, त्यामुळे पात्र कोरडे पडत नाही. तरीही अशा धरणांच्या खालच्या भागात माशांच्या जाती कमी होतात, असे वाचनात येते. पाणी वाहतेच आहे, तर अधिवासाचे नेमके काय बिघडते?

उत्तर १
किमान विसर्गाने पात्र ओले राहते, इतकेच. नदीतील जीवांचे चक्र पाण्याच्या चढउतारांशी जुळलेले असते आणि जलाशय नेमके तेच सपाट करतो. महापूर सांडव्यावरून जातोच. नाहीसे होतात ते हंगामाच्या सुरुवातीचे आणि मध्यम पूर, कारण रिकामा जलाशय ते पोटात घेतो. खडीच्या फटींत साचलेला बारीक गाळ हेच पूर धुऊन काढतात, अनेक जातींना अंडी घालण्याची वेळ झाल्याची खूण त्यांच्यामुळेच मिळते आणि काठालगतची पाणथळ जागा तेवढ्यापुरती नदीला जोडली जाते. शिवाय जलविद्युत प्रकल्पातील पाणी बहुधा नदीत परत येते, पुरवठ्याचे पाणी मात्र जलवाहिनीतून निघून जाते आणि परतलेच तर बरेच खाली, सांडपाण्याच्या रूपात.

उत्तर २
तापमान आणि जलाशयात अडकणारा गाळ हे मुद्दे वरील उत्तरात राहिले. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर बनतात: वर उबदार, तळाशी थंड आणि पुष्कळदा प्राणवायू कमी असलेले. विमोचक (धरणातून पाणी सोडण्याचे द्वार) तळाशी असेल तर ऐन प्रजननकाळात खालच्या नदीत हेच थंड पाणी येते. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी नदीवरील बरेंडाँग धरणात यासाठी २०१४ मध्ये पाणी उचलण्याच्या मनोऱ्याभोवती पडदा बसवण्यात आला, जेणेकरून वरच्या थरातील पाणी सोडता यावे.

गाळाची अडचण अधिक चिवट आहे. वाळू व खडी जलाशयात अडकते आणि खाली जाणारे स्वच्छ पाणी पात्रच खरवडत नेते. अमेरिकेतील ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६ मध्ये मुद्दाम पूर सोडला, तेव्हा कोलोरॅडो नदीकाठी वाळूचे पुळण पुन्हा तयार झाले, पण त्यांपैकी बरेच लवकरच झिजले. पुढे असे पूर उपनद्यांनी नवी वाळू आणल्यानंतर सोडण्याचे धोरण आले.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग सरासरी वार्षिक प्रवाहाच्या १० टक्के पाणी सोडावे, हा नियम कशाच्या आधारावर सांगितला जातो?

उत्तर १
तो अमेरिकी मत्स्यजीवशास्त्रज्ञ टेनंट यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या, नदीत किती प्रवाह ठेवावा हे ठरवण्याच्या पद्धतीतून आला आहे आणि बहुधा अर्धवट उद्धृत होतो. त्यांनी १० टक्के प्रवाह हा बहुतेक जलचरांना थोडा काळ तग धरण्यापुरता मानला होता. चांगल्या अधिवासासाठी ३० टक्के आणि त्याहून उत्तम स्थितीसाठी ६० टक्के सुचवले होते. तेही अमेरिकेतील काही राज्यांच्या नद्या पाहून. माझ्या मते दुसऱ्या हवामानातील नदीला हे आकडे जसेच्या तसे लावण्यापेक्षा, धरणापूर्वीच्या प्रवाहनोंदी महिनावार पाहून कोणता पूर कधी सोडावा हे ठरवणे अधिक योग्य. एवढे करूनही विमोचकाची क्षमता लहान असेल तर तसा पूर सोडताच येत नाही, म्हणून नवे धरण आखतानाच हा विचार व्हायला हवा.