मदत हवी आहे: ओपनरोड्समध्ये घाटरस्त्याच्या टेम्प्लेटचा भराव थेट दरीत उतरतोय

नमस्कार मंडळी,

कोकणात उतरणाऱ्या एका दुपदरी घाटरस्त्याचं डिझाइन करतेय. सॉफ्टवेअर बेंटलीचं ओपनरोड्स डिझायनर. टेम्प्लेट, म्हणजे रस्त्याच्या आडव्या छेदाचा साचा, मीच बांधलंय: 7 मीटर डांबरी रस्ता, दोन्हीकडे 1.5 मीटर पक्की साइडपट्टी, त्यापुढे 1 मीटर मुरमाची. कॅम्बर (पाणी वाहून जायला मध्यापासून कडेकडे दिलेला उतार) 2.5 टक्के. इथपर्यंत सगळं ठीक चालतं. घोळ एंड कंडिशनमध्ये, म्हणजे साइडपट्टीची कडा मूळ जमिनीला जोडणाऱ्या भागात आहे.

दरीकडच्या बाजूला दोन पर्याय ठेवलेत. पहिली प्रायॉरिटी 1:2 चा भराव (1 मीटर खाली, 2 मीटर बाहेर), दुसरी संरक्षक भिंत; पहिला जमिनीला टेकला नाही तर दुसरा. साखळी क्रमांक (किलोमीटर/मीटर) 2/340 ते 2/420 मध्ये भिंत यायलाच हवी, पण सॉफ्टवेअर भरावच घेतं. काही सेक्शनला (आडव्या छेदाला) भरावाचा पायथा मध्यरेषेपासून 46 मीटरवर गेलाय. आपली हद्द 15 मीटरची. खाली काजूची लागवड आहे आणि याच नकाशावरून भूसंपादनाची मोजणी होणार आहे. माझ्या टेम्प्लेटच्या चुकीने कुणाची बाग भूसंपादनाच्या लाल रेषेच्या आत जायला नको, म्हणून दोन दिवस झोप नाही.

भरावाच्या शेवटच्या बिंदूवरची 'एंड कंडिशन इज इन्फिनिट'ची खूण काढून पाहिली. आता त्या सेक्शनना साइडपट्टीच्या कडेपुढे काहीच येत नाही, सेक्शन अधांतरी.

दुसरं म्हणजे डोंगराकडचं गटार. कटाई जिथे अगदी कमी आहे तिथे गटाराची फक्त आतली उतरती बाजू येते. तळही नाही, पलीकडची बाजूही नाही.

कुणी वाट दाखवेल का?

प्रतिसाद:

ताई, खूण काढलीत ते बरोबरच केलंत. ती असली की रेष तुम्ही किती लांब काढलीय याला अर्थ राहत नाही, जमीन भेटेपर्यंत ती जातच राहते. गणित करून बघा. कडेखाली जमीन 2 मीटरवर आहे आणि 45 टक्क्यांनी उतरतेय असं धरा. 1:2 म्हणजे 50 टक्के. दर मीटरला अंतर फक्त 5 सेंटिमीटरने कमी होणार, म्हणजे गाठ 40 मीटरवर. कडा मध्यरेषेपासून 6 मीटरवर, झाले 46. सॉफ्टवेअरच्या लेखी पहिला पर्याय जमिनीला टेकला, मग ते भिंतीकडे बघेल कशाला?

खूण काढल्यावर भराव टेकत नाही, हे हवंच होतं. पण मग भिंत का आली नाही? तिची दर्शनी बाजू टेम्प्लेटमध्ये किती उंच काढलीय ते बघा. ती जमिनीपर्यंत पोचत नसेल तर दोन्ही पर्याय फसतात. 6 मीटर काढून ठेवा, जमीन भेटेल तिथे ती आपोआप छाटली जाते. टेम्प्लेट एडिटरमधलं 'टेस्ट' उघडून जमिनीची रेष माउसने हळूहळू खाली न्या. भराव सुटून भिंत कुठे पकडते ते डोळ्यांनी दिसतं. मी प्रत्येक टेम्प्लेट कॉरिडॉरला (रस्त्याच्या पूर्ण लांबीच्या मॉडेलला) लावण्याआधी हे करतोच.

गटाराचं सोपं आहे. आतल्या तळाच्या बिंदूवर 'चेक फॉर इंटरसेप्शन' चालू राहिलं असणार. उतरताना वाटेत जमीन भेटली की रेष तिथेच थांबते. गटाराच्या बिंदूंवरचं ते काढा, फक्त शेवटच्या कटाईच्या उतारावर ठेवा. आणि डोंगर डावीकडून उजवीकडे जातो म्हणून दोन टेम्प्लेट करू नका. दोन्ही बाजूंना गटारासह कटाई, भराव, भिंत हे तिन्ही पर्याय याच क्रमाने द्या.

धागाकर्ती:

सर, खूप आभार. भिंत मी 1.5 मीटरच काढली होती! 6 केल्यावर सतराही सेक्शनना भिंत आली, उंची 1.9 ते 2.6 मीटर. सगळं हद्दीच्या आत, बाग पूर्ण बाहेर. गटारही पूर्ण येतंय, फक्त 2/365 ला अजून अर्धवट. तिथे सर्वेचा एखादा बिंदू चुकीच्या उंचीचा वाटतोय. उद्या साइटवर माणूस पाठवून लेव्हल घेते आणि इथेच कळवते.