एईबी-एल हार्डन केल्यावर घरच्या फ्रीजरात ठेवून काही फरक पडतो का?

चाकूवेडा:
नमस्कार मंडळी. शनिवार-रविवार चाकू करतो, आत्तापर्यंत सगळे गाडीच्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) नाहीतर ओएचएनएस या टूल स्टीलचे, यावेळी पहिल्यांदाच स्टेनलेस घेतलं, एईबी-एल, 2.5 मिमी पट्टी. एसएस फॉइलमध्ये गुंडाळून भट्टीत 1080 अंश सेल्सिअसला 15 मिनिटं, मग अॅल्युमिनियमच्या दोन जाड प्लेटांमध्ये दाबलं, मग ओव्हनमध्ये 175 ला दोन तास टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला शेकवणं). ओळखीच्या टूलरूममध्ये रॉकवेल (कडकपणाचा आकडा) बघितला तर 58.5, मी 61-62 धरून चाललो होतो. थंड केलं की हार्डनेस वाढतो असं ऐकलं म्हणून रात्रभर फ्रीजरात ठेवलं (आईला मटारच्या पिशवीखाली सापडलं, ती काय बोलली ते इथे लिहीत नाही), सकाळी मोजलं तर तेवढंच. फ्रीजर कमी पडला की माझंच चुकलं?

सांडशी:
दोन्ही. पाणी दिल्यावर (क्वेंचिंग, म्हणजे तापलेलं स्टील झटकन गार करणं) तापलेल्या स्टीलमधल्या मऊ ऑस्टेनाइटचं कडक मार्टेन्साइट एका झटक्यात होत नाही, तापमान जसं उतरेल तसं होत जातं. पाट्याच्या स्टीलचं हे काम पातं हाताला कोमट लागेपर्यंत जवळजवळ उरकलेलं असतं, म्हणून त्याला हे लाड लागत नाहीत. एईबी-एलमध्ये 13 टक्के क्रोमियम, त्यात 1080 ला कार्बनही भरपूर विरघळतो, मग हा बदल संपायचं टोक शून्याच्या पार खाली जातं. म्हणजे तुम्ही क्वेंचिंग अर्ध्यावर सोडलंय, उरलेलं ऑस्टेनाइट मऊच राहिलं. सबझिरो म्हणजे तेच क्वेंचिंग पुढे चालू ठेवणं, बाकी काही नाही. आणि ते ऑस्टेनाइट नुसतं पडून राहिलं तरी हट्टी होतं, टेम्परिंगनंतर तर विचारूच नका. तुम्ही आधी दोन तास शेकवलं आणि मग −18 ला ठेवलं, काय होणार!

कोळसेवाला:
मी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरतो. थर्माकोलच्या डब्यात उभट स्टीलचं भांडं, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि त्यात ड्राय आइसचे तुकडे थोडे थोडे करून, एकदम टाकले तर उसळून अंगावर येतं. आधी भसाभसा बुडबुडे येतात, मग जोर ओसरतो आणि खडे तळाशी निवांत पडून राहतात, तेव्हा समजायचं −78 च्या जवळ आलं. नुसत्या खड्यांत पातं पुरू नका, मध्ये हवा राहते, गार व्हायला फार वेळ लागतो. प्लेटमधून निघालेलं पातं हाताला साधं लागलं की फॉइल काढून लगेच आत, अर्धा-पाऊण तास. बाहेर काढल्यावर पांढरंफेक होतं, ते आपोआप निवळू द्या, पुसा आणि त्याच दिवशी टेम्परिंग, 175 ला दोन तास, दोनदा. मला 61.5 येतं. भट्टी आधी बंद करा, अल्कोहोल पेट घेतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि डब्याचं झाकण चिकटपट्टीने बंद करू नका, गॅस कोंडून फुटेल.

खिल्लारी:
आमच्याकडे जनावरांना कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर असतो, ओळखीने दोन लिटर मिळालं. −196 ला जातं पण याच स्टीलमध्ये ड्राय आइसपेक्षा अर्धा पॉइंट जास्त आला, तेवढी चूक तर मशीनचीच असते. एकदा 5 मिमीचं पातं थेट बुडवलं, टण्ण आवाज आला, टाचेपासून चीर. तेव्हापासून आधी वाफेवर धरतो. आणि एका लिटरचा 700 च्या आसपास लिटर गॅस होतो, वास नाही रंग नाही, त्यामुळे बंद खोलीत अजिबात नको.

चाकूवेडा:
मग हे पातं गेलं का? टूलरूमवाला म्हणतो डी2 या टूल स्टीलसारखं 500 च्या वर टेम्पर कर, ऑस्टेनाइट मोडेल.

सांडशी:
मोडेल, पण क्रोमियम कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळलेल्या कणांत) अडकून बसेल आणि लिंबू कापल्यावर डाग धरेल, मग स्टेनलेस कशाला घेतलं? 58 चा चाकू स्वयंपाकघरात मजेत चालतो, फक्त धार लावताना बूर (धारेवर उठणारी पातळ कड) चिवट येईल, दगडावर इकडून तिकडे वळत राहते, सुटत नाही. वापरा तसाच. आणि पुढच्या वेळी ड्राय आइस नाहीच मिळाला तर भट्टी 1040 च्या आसपास ठेवा, कार्बन कमी विरघळेल, ऑस्टेनाइटही कमी उरेल.

चाकूवेडा:
मासळीच्या पॅकिंगवाल्याकडे चौकशी केली, शनिवारी मिळतोय. भांडं मात्र नवीन विकत आणतो, घरातलं घेतलं तर माझंच टेम्परिंग होईल 😄