मदत हवी आहे: मुख्य मीटरच्या नोंदीतून उपकरणनिहाय वीजवापर वेगळा करणे

खटका: घराच्या मुख्य मीटरची चार महिन्यांची नोंद माझ्याकडे आहे आणि तिच्यातून फ्रिज, गीझर, इस्त्री व धुलाई यंत्र यांचा वापर वेगवेगळा काढायचा आहे. एक तयार प्रोग्रॅम चालवून पाहिला, परंतु सगळे झोपलेले असताना रात्री तीन वाजता इस्त्री चालू असल्याचे तो दाखवतो. दोन आठवडे यातच गेले आहेत. काय चुकते आहे ते कृपया लवकर सांगावे.

रोहित्र: नोंद किती सेकंदांनी होते आणि प्रोग्रॅम कोणत्या पद्धतीने चालतो? हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर अंदाजपंचेच ठरेल.

साधा_उपाय: एवढी आकडेमोड कशासाठी? मी प्रत्येक उपकरणाच्या प्लगला छोटा मीटर लावला आणि आठवड्याभरात सारा हिशेब हाती आला.

रोहित्र: गीझर अनेकदा भिंतीतल्या तारेलाच जोडलेला असतो, तिथे प्लगचा मीटर कसा लावणार? शिवाय प्रश्न एकाच मीटरवरून वापर ओळखण्याचा आहे. संशोधक जॉर्ज हार्ट यांनी १९९२ च्या लेखात हेच मांडले होते: एकूण वॅटमध्ये किती उडी येते आणि तेवढीच घट पुढे कधी होते, या जोड्या जुळवायच्या.

काटकसर: फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज निघाला, तर रबर सैल झाले आहे आणि वीज तिथे वाया जाते.

खटका: मला बचतीचा उपाय नको आहे. नोंद दर १५ मिनिटांची, युनिटमध्ये आहे. ती सगळ्यांचीच तशी असते असे समजून मी लिहिले नव्हते. ज्या उपकरणांची बेरीज आकड्याच्या सर्वांत जवळ येते, ती चालू आहेत असे प्रोग्रॅम धरतो.

रोहित्र: मग दोष इथेच आहे. २००० वॅटचा गीझर पाणी गरम राखण्यासाठी साडेसात मिनिटे चालून आपोआप बंद झाला, तर पाव युनिट खर्च होते आणि १५ मिनिटांची सरासरी नेमकी १००० वॅट निघते. आपली इस्त्री १००० वॅटची असावी. उडी सरासरीत विरघळून गेल्यावर कोणतीही पद्धत ती परत आणू शकत नाही. हार्ट यांच्या पद्धतीला साधारण सेकंदासेकंदाची नोंद लागते.

साधा_उपाय: म्हणूनच मी प्लगचे मीटर सुचवले होते.

रोहित्र: ते ताळा घेण्यासाठी जरूर वापरावेत. परंतु आधी एक रात्र गीझरचे बटण बंद ठेवून पाहावे.

खटका: इस्त्री १००० वॅटचीच आहे. काल गीझर बंद ठेवला आणि रात्रीची इस्त्री नोंदीतून नाहीशी झाली. जुन्या चार महिन्यांच्या नोंदीचा आता काहीच उपयोग नाही का?

रोहित्र: रात्रीच्या सर्वांत कमी आकड्यांवरून सतत चालणाऱ्या उपकरणांचा एकत्रित भार काढता येईल, पण इस्त्री आणि गीझर त्यातून खात्रीने वेगळे होणार नाहीत. पुढच्या नोंदीसाठी मीटरवर लुकलुकणारा दिवा आहे का ते पाहावे. मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुकी असा आकडा छापलेला असेल, तर दर लुकलुकीची वेळ प्रकाश-सेन्सरने टिपता येते आणि गीझर चालू होताच दोन लुकलुकींमधले अंतर जवळपास अर्ध्या सेकंदावर येते.

खटका: दिवा आहे, आकडाही ३२०० च आहे. सेन्सर कोणता घ्यावा?