पायऱ्यांना दगड चालेल, पण आधी खालची माती बघा
एकानं विचारलंय की नाशिकच्या गंगापूर रोडच्या बंगल्याच्या पुढच्या टाइल्सच्या पायऱ्या फुटल्यात, आता विटांचं बांधकाम करून वर दगड बसवला तर टिकेल का. टिकेल की, पण नुसती टाइल जाऊन दगड आला म्हणून भागणार नाही. नाशकात बऱ्याच भागात काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, मग पायऱ्या घरापासून सुटायला लागतात, भिंतीलगत बोट जाईल एवढी फट दिसली की समजायचं दोष टाइलचा नाही. ती माती काढा, मुरूम भरून पाणी मारून नीट ठोकून घ्या, त्यावर सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट) आणि मगच वीट. विटा आधी भिजवायला लावाच, कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी शोषते नि सांधा कच्चा राहतो, गवंडी घाईत असला की नेमकं हेच गाळतो.

दगड म्हणाल तर आपला काळा बेसाल्टच, काळाराम मंदिर बघा ना, किती पावसाळे काढलेत. पॉलिशवाला ग्रॅनाइट मात्र कृपा करून नको, घरात म्हातारी माणसं असतील तर फारच वाईट, ओला झाला की पाय सटकतो. टाकी मारलेला, म्हणजे छिन्नीनं टोचून खडबडीत केलेला दगड घ्या. उंची ६ इंच, पाय ठेवायला १२ इंच, सगळ्या सारख्या, आणि पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला हलका उतार. नंतर ओली पोती टाकून किमान ७ दिवस पाणी मारा, तोवर मागच्या दारानं ये-जा करा.