डिप्लोमानंतर सीओईपी : सोलापूरहून डायरेक्ट सेकंड इयरला जायचंय, खरं काय ते सांगा

पूर्वभाग_सोलापूर :

नमस्कार. मी इथल्या पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या सेमिस्टरला ९२ टक्के पडले, सहावं चालू आहे. दहावीला मार्क चांगले होते, तरी अकरावी सायन्स न घेता डिप्लोमा घेतला, कारण तीन वर्षांत हाताला काम लागेल असा घरचा विचार होता. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत, आई घरी विड्या वळते. लहान भाऊ आठवीत. आमचं ओबीसी.

आता पदवी करायचीच असं ठरलंय आणि माझ्या मनात पुण्याचं सीओईपी, म्हणजे तिथलं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. पण वर्गातली मुलं म्हणतात, तिथं ९५ च्या खाली कोणी विचारत नाही, फॉर्ममध्ये वर टाकून एक पसंती कशाला वाया घालवतेस. मावशी म्हणते इथंच घे, घरचं जेवण आहे, सिटी बसचा पास आहे. वडील म्हणतात तुला काय कळतं ते कर. आई काहीच बोलत नाही, पुण्याचा विषय निघाला की उठून आत जाते.

दुसरी भीती अभ्यासाची. बारावी करून आलेल्या मुलांनी पहिल्या वर्षी एम-१, एम-२ (इंजिनिअरिंगचं गणित) केलेलं असतं. आम्ही एकदम दुसऱ्या वर्षात. झेपतं का? तिथं डिप्लोमावाल्यांना वेगळं धरतात का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. गोड बोलू नका, खरं सांगा.

हुतात्मा_सकाळची :

मी सोलापूरचीच. इथून ईअँडटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमा केला, मग सीओईपीला डायरेक्ट सेकंड इयर. आता पुण्यात नोकरी करते. तू वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते.

आधी फॉर्मचं सांगते, कारण वर्गातल्या मुलांनी तुला साफ चुकीचं सांगितलंय आणि याच समजुतीने आपल्याकडची हुशार पोरं स्वतःच दाराबाहेर उभी राहतात.

आपल्याला सीईटी नाही. डिप्लोमाच्या अंतिम निकालपत्रावर जी टक्केवारी छापून येते तिच्यावर सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, राज्याची मेरिट लिस्ट लावतं. कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत) तुझा नंबर आला की तुझी यादी वरून खाली वाचली जाते. पहिल्या पसंतीला तुझ्यासाठी जागा नसेल तर दुसरी बघतात, ती नसेल तर तिसरी. एखादं कॉलेज तू पाचव्या क्रमांकावर लिहिलंस आणि तुझ्या मागच्या मुलाने पहिल्या, म्हणून त्याला ते तुझ्याआधी मिळत नाही. मेरिट आधी, पसंतीचा क्रमांक नंतर. मग सीओईपी सगळ्यात वर लिहून तुझं काय जातं? काहीच नाही. उलट भीतीपोटी दुसरंच कॉलेज एक नंबरला टाकलंस आणि ते पहिल्या फेरीत लागलं, तर ती जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत तू नाहीस. म्हणून यादी मनाच्या क्रमाने लिहायची. टक्केवारी बघून क्रम लावायचा नाही.

आता ९५ चं. डिप्लोमावाल्यांसाठी मंजूर प्रवेशसंख्येच्या वर १० टक्के जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या रिकाम्या राहिल्या त्या. समजा ६० ची शाखा आहे, तर ६ जागा. सीओईपीसारख्या ठिकाणी पहिल्या वर्षाच्या जागा फारशा उरत नाहीत. त्या सहामध्ये सगळे प्रवर्ग, त्यातच मुलींचं ३० टक्के. एकेका खान्यात एखादी जागा येते, कधी तीही नाही. त्यामुळे कटऑफ एखाद्या वर्षी चढतो, पुढच्या वर्षी उतरतो. कॉम्प्युटर नव्वदीच्या अगदी वरच्या टोकाला बंद होतं हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण सीओईपी म्हणजे फक्त कॉम्प्युटर नाही. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ आहेत. त्यात तुझा प्रवर्ग, मुलींचा कॉलम आणि शेवटची फेरी बघ. पहिल्या फेरीचे आकडे बघून घाबरू नकोस. आणि २०२० आणि २०२१ ची वर्षं सोडून दे, तेव्हा परीक्षा ऑनलाइन झाल्या होत्या, टक्केवारी सगळ्यांचीच फुगली होती.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो. जागा मिळणं एक, तिथं पाय रोवणं दुसरं.

आपली प्रवेशप्रक्रिया लांबते. तू वर्गात जाऊन बसशील तेव्हा सेमिस्टर बरंच पुढे गेलेलं असेल. मी गेले तेव्हा फळ्यावर लाप्लास चालू होतं, आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. डिप्लोमाला आपण बेसिक मॅथ्स आणि अप्लाइड मॅथ्स करतो. साधं इंटिग्रेशन येतं, पहिल्या ऑर्डरची डिफरन्शिअल इक्वेशन येते. आयगेन व्हॅल्यू, मल्टिपल इंटिग्रल येत नाही. आणि सर शिकवताना हे सगळं तुम्हाला येतंच असं धरून चालतात, कारण वर्गातल्या बाकीच्यांना ते येत असतं. डिप्लोमावाल्यांसाठी ब्रिज कोर्स असतो, पण तो चालू विषयांच्या बरोबरीनेच करावा लागतो, म्हणजे ओझं दुप्पट. पहिल्या मिडसेमला आमच्यातले बरेच जण इथंच अडकले.

उपाय तुझ्या हातात आहे. तुझा शेवटचा पेपर संपला की प्रवेश होईपर्यंत हातात चांगले दोन-तीन महिने असतात. सगळे तेव्हा निकालाची आणि कटऑफची चर्चा करत बसतात. तू एखाद्या इंजिनिअरिंगच्या मुलीकडून एम-१, एम-२ ची पुस्तकं मागून आण आणि रोज बस. एनपीटीईएलवर व्याख्यानं फुकट आहेत. तुझी कॉम्प्युटर शाखा, तर लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आणि डिस्क्रीट मॅथ्स आधी. प्रवेश कुठंही झाला, सोलापुरात झाला तरी हे कामालाच येणार.

दुसरं वर्ष इतकं धरून का ठेवते, ते सांगते. चांगल्या कंपन्या इंटर्नशिपसाठी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच येतात आणि सीजीपीए विचारतात. बारावीवाल्यांच्या सीजीपीएत तेव्हा चार सेमिस्टर असतात, आपल्या फक्त दोन. त्यातलं एक गेलं की अर्धं गेलं, सावरायला जागाच नाही.

वेगळं धरतात का? पहिले काही आठवडे धरतात. त्यांचे ग्रुप पहिल्या वर्षीच जमलेले असतात, हॉस्टेलच्या खोल्या ठरलेल्या असतात, आपण उशिरा आलेले. पण तू डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस, जावा हे सगळं हाताने केलेलं आहेस. लॅबमध्ये प्रोग्रॅम चालेना की माणसं कुणाकडे वळतात ते बघशील तू. माझ्याकडे सोल्डरिंग आणि सर्किट डीबग करायला यायची, आणि मी त्यांच्याकडून गणित शिकले. माझ्या तिथल्या सगळ्यात जवळच्या दोन मैत्रिणी अशाच झाल्या.

आईचं. तिला फोनवर फोटो दाखवू नकोस, प्रत्यक्ष ने. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस धर, साडेदहाच्या सुमारास पुणे. तिला मुलींचं हॉस्टेल बाहेरून का होईना बघू दे, मेसची चौकशी तिला स्वतःला करू दे. माझी आई गेटवरच्या मावशींशी भाकरी मिळते का, मुली रात्री कितीला परत येतात, असं सगळं बोलून आली आणि घरी आल्यावर वडिलांना तिनेच समजावलं.

निवृत्त_व्याख्याता :

वरच्या ताईंनी मेरिटचं नीट सांगितलं आहे. मी बरीच वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलं, प्रवेशाच्या काळात सुविधा केंद्रावरही बसलो आहे. मुलांचं नुकसान मार्कांपेक्षा कागदांनी जास्त होतं, म्हणून कागदांचं लिहितो.

बाळ, ओबीसीतून जायचं तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर, तिन्ही लागतात. पडताळणीचा अर्ज केला नसशील तर याच आठवड्यात कर, जून महिन्यात समितीकडे झुंबड असते. नॉन-क्रिमिलेअरवर मुदत बघ, प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. डोमिसाइल आणि वडिलांचा उत्पन्नाचा दाखला सेतूतून आत्ताच काढून ठेव.

आणि एक आपल्या पूर्व भागातली खास अडचण. तेलुगू आडनावांचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, डिप्लोमाच्या मार्कशीटवर तिसरं असतं. वडिलांच्या नावातही हाच घोळ. कागदांच्या तपासणीत हे अडतं आणि दुरुस्तीला वेळ लागतो. सगळे कागद एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर जुळतं का ते आज बघ.

पैशाचं : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला नाही. अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी करायचा. यात हॉस्टेल आणि मेस धरलेली नाही, तेवढी सोय घरातून करावी लागेल. वडिलांना हा फरक स्पष्ट सांग, म्हणजे ऐनवेळी त्यांना धक्का बसणार नाही.

जुळे_सोलापूरकर :

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. मीपण डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयर केलं, पण इथंच. वडिलांचं आजारपण होतं, घर सोडणं शक्य नव्हतं. घरी राहिल्याने मेस-हॉस्टेलचा खर्च वाचला, त्यातून लॅपटॉप घेतला आणि संध्याकाळी एका दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळायला लागलो. त्या कामावर पहिली नोकरी मिळाली. आज माझ्या टीममध्ये सीओईपीची मुलं आहेत, आम्ही एकाच टेबलावर बसतो.

सीओईपी मोठंच आहे, १८५४ पासूनची संस्था, २०२२ ला विद्यापीठ झालं, तिथले माजी विद्यार्थी जगभर आहेत. पण मावशीचं म्हणणं लै चुकीचं आहे असंही नाही. भाऊ आठवीत आहे, दोन वर्षांत त्याचाही खर्च येणार. आणि नको असलेली शाखा फक्त नावासाठी घेऊन पुण्यात रडत बसलेली पोरं मी बघितलीत. तुला कोडिंग आवडत असेल तर कॉम्प्युटर सोडू नको, कुठं का मिळेना.

पूर्वभाग_सोलापूर :

सगळ्यांचे खूप आभार. सर, आत्ताच कागद काढले. वडिलांचं नाव माझ्या शाळेच्या दाखल्यावर वेगळं आहे, एक अक्षर जास्त आहे. उद्या शाळेत जाते. पडताळणी झालेली आहे.

ताई, दादांनी जे लिहिलं तोच माझा खरा प्रश्न आहे. समजा सीओईपीला कॉम्प्युटर नाही लागलं, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेटलर्जी लागतंय, आणि सोलापुरात कॉम्प्युटर मिळतंय. तर? मला प्रोग्रॅमिंग मनापासून आवडतं. डिप्लोमाच्या प्रोजेक्टला विडी कामगारांच्या रोजच्या हिशोबाचं अॅप केलंय, आईच्याच वहीवरून.

हुतात्मा_सकाळची :

दादांशी मी या बाबतीत पूर्ण सहमत आहे. जी शाखा लागली तर जायची तुझी इच्छा नाही, ती यादीत लिहायचीच नाही. मेटलर्जी लिहिलंस आणि ते लागलं, तर त्याच्या खाली लिहिलेलं सोलापूरचं कॉम्प्युटर तुला दाखवलंही जाणार नाही. वरचं न मिळणं चालतं, नको ते मिळणं चालत नाही.

पण सीओईपी कॉम्प्युटर आणि सोलापूर कॉम्प्युटर यांच्यामध्ये बरंच काही आहे, ते तुम्ही दोघंही धरत नाही आहात. तुझ्या जागी मी असते तर वर सीओईपी कॉम्प्युटर, मग माटुंग्याचं व्हीजेटीआय कॉम्प्युटर आणि आयटी, मग सीओईपी ईअँडटीसी, मग वालचंद सांगली कॉम्प्युटर आणि आयटी, मग कराडचं सरकारी कॉलेज, मग पुण्यातली चांगली खासगी कॉलेजं, आणि त्याखाली सोलापूर. ईअँडटीसी मुद्दाम घातलंय. तिथं कोडिंग भरपूर असतं, सॉफ्टवेअर कंपन्याही त्या मुलांना बसू देतात. पण तुला सर्किट अजिबात नको असतील तर तेही काढ. इन्स्ट्रुमेंटेशनचा निर्णय त्याचा दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस उघडून वाचल्यावर घे, नावावरून घेऊ नकोस.

आणि हे नीट बघ : सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग वेगळं, आपलं सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी वेगळं. घाईत नाव वाचून भलतंच निवडलं जातं. फॉर्म भरताना नावाबरोबर गाव आणि कॉलेज कोड दोन्ही तपास, आणि ऑप्शन फॉर्म कन्फर्म करायच्या आधी प्रिंट काढून दुसऱ्या कुणालातरी वाचायला दे.

तुझं विडीच्या हिशोबाचं अॅप मला बघायचंय. त्यात पान आणि तंबाखूचं वजन कसं धरलंस, आणि कारखान्यात विड्या छाटून बाद करतात त्याची नोंद ठेवलीस का? इंटर्नशिपच्या मुलाखतीत याच्यावर तास-तासभर बोलता येईल, त्यामुळे ते अर्धवट सोडू नकोस. सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला की टक्केवारी आणि तू केलेली यादी इथंच टाक, क्रम बघून सांगते.