वडिलांच्या सीएमएल रिपोर्टमध्ये टी(९;२२) : हे घराण्यात उतरतं का?

पेणचा_धाकटा

बाबा ६१ वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साधी सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी एक लाख चाळीस हजार. मग बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, आणि निदान सीएमएल, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, इमॅटिनिब ४०० रोज एक, जेवणानंतर. बाबांची तब्येत ठीक आहे, सकाळी बागेत पाणी घालतात.

अडचण दुसरीच आहे. ताईच्या लग्नाची बोलणी चालू होती. आम्ही काही लपवलं नाही, आजाराचं सांगितलं. मुलाच्या मामांनी रिपोर्टचा फोटो मागितला. त्यात लिहिलंय : ४६,एक्सवाय,टी(९;२२)(क्यू३४;क्यू११.२)[२०]. खाली शेरा ‘जेनेटिक अ‍ॅबनॉर्मलिटी डिटेक्टेड’. मामा म्हणाले, वीसपैकी वीस पेशींत दोष, म्हणजे हे रक्तातच आहे, मुलीत आणि पुढे नातवंडांत येणारच. आता तिकडून फोन नाही. एका लॅबवाल्यानेही आम्हा दोघांना ‘फॅमिली जेनेटिक पॅकेज’ करून घ्या म्हणून गळ घातली आहे. करावं का? नीट समजावून सांगेल का कोणी?

मेटाफेजवाली

पॅकेज करू नका. पैसे ठेवा, पीसीआरला लागतील, म्हणजे आजार किती उरलाय ते मोजायच्या रक्ततपासणीला.

मी सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे क्रोमोसोम तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, मुंबईत, आता निवृत्त. असले रिपोर्ट जन्मभर टाइप केलेत. ४६,एक्सवाय म्हणजे क्रोमोसोम (गुणसूत्रं, पेशीतल्या जनुकांच्या दोऱ्या) ४६, पुरुष. टी म्हणजे ट्रान्सलोकेशन, ९ नंबर आणि २२ नंबरच्या टोकांची अदलाबदल. क्यूचे आकडे म्हणजे ते कुठे तुटले त्या जागा. शेवटचं [२०] म्हणजे मॅरोमधल्या वीस पेशी मोजल्या, विसांतही तेच दिसलं. अंगातल्या वीस पेशी नव्हेत, मॅरोमधल्या. सीएमएल आहे म्हटल्यावर मॅरो त्याच पेशींनी भरलेला असणार, वीसपैकी वीस येणारच. आणि दोष जन्मजात असता तर लिहायच्या पद्धतीप्रमाणे त्यापुढे बारीक ‘सी’ काढतात. तुमच्या रिपोर्टमध्ये तो सी आहे का बघा. नसणार.

‘जेनेटिक’ या शेऱ्याने घराघरांत घोळ होतो. बदल जनुकांत आहे हे खरं, पण तो बाबांच्या मॅरोतल्या एका पेशीत, मोठेपणी कधीतरी झाला आणि तिच्या वंशात वाढला. वीर्यातल्या पेशी त्या वंशातल्या नाहीत. शिवाय तुमची ताई जन्मली तेव्हा हा बदल झालेलाच नव्हता!

आता हे कुणी शोधलं ते सांगते, कारण मामांना नाव सांगितल्याशिवाय पटणार नाही असं दिसतंय. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांत एक क्रोमोसोम आखूड दिसला. त्यालाच फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. सगळे धरून चालले की तुकडा तुटून गेला, हरवला. बारा-तेरा वर्षं हेच चाललं, कारण तेव्हाच्या रंगात क्रोमोसोम नुसते काळे दिसायचे, कुठला कुठला ते लांबीवरून ठरवायचं.

शिकागोच्या डॉ. जॅनेट रौली यांनी ते उलगडलं. चार मुलगे, त्यामुळे बरीच वर्षं अर्धवेळ काम. डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या क्लिनिकमध्ये असताना क्रोमोसोमची गोडी लागली. नवऱ्याच्या रजेत दोनदा ऑक्सफर्डला राहणं झालं, दुसऱ्या खेपेस, १९७०-७१ मध्ये, क्विनॅक्रिन नावाच्या रंगाने क्रोमोसोमवर पट्टे उमटवायची नवी रीत शिकून आल्या. मग मायक्रोस्कोपखालचे फोटो घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर कात्रीने एकेक क्रोमोसोम कापून जोड्या लावायच्या. मुलं म्हणायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळते आणि त्याचे पैसे मिळतात.

ते काम मी केलंय म्हणून सांगते. पेशी विभागताना कोल्चिसिन औषधाने अडवायच्या, फुगवायच्या, स्लाइडवर उंचावरून थेंब सोडायचा, जिम्सा रंग लावायचा, डार्करूममध्ये प्रिंट काढायची, आणि मग कात्री. २१ आणि २२ च्या कातरणी एवढ्याशा असतात की पंखा बंद करावा लागे. मे महिन्यात, मुंबईत. गोंदाच्या बोटाला २२ चिकटून गेला की टेबलाखाली शोधायचा. हल्ली कॉम्प्युटर जोड्या लावतो, नव्या मुलींना हे सांगितलं की हसतात.

तर रौलींच्या लक्षात आलं की २२ आखूड आहे तिथे ९ नंबरच्या टोकाला फिकट तुकडा जास्तीचा आहे, २२ चा हरवलेला होता तेवढाच. म्हणजे हरवलं काहीच नाही, दोन साड्यांचे पदर कापून एकीचा दुसरीला शिवावा तसं झालंय. १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या एका ल्युकेमियात ८ आणि २१ ची अशीच अदलाबदल पाहिली होती. १९७७ मध्ये १५ आणि १७ ची. तेव्हा बहुतेकांचं मत असं की क्रोमोसोमची मोडतोड हा कॅन्सरचा परिणाम, कारण नव्हे. बाईंनी तीच तीच मोडतोड त्याच त्याच आजारात दाखवली, मग किती वेळ नाही म्हणणार?

तुमच्या बाबांची गोळी तिथूनच येते. तुकडा हरवला असता तर शोधायचं काय? जोड आहे म्हटल्यावर लोकांनी जोडाच्या जागी काय तयार होतं ते पाहिलं. ९ वरचं एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआरला चिकटतं आणि त्या जोड-जनुकाचं प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सतत देत राहतं. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते. अमेरिकेत २००१ च्या मे महिन्यात मंजुरी मिळाली. रौलींनी ते पाहिलं, २०१३ मध्ये गेल्या.

पेणचा_धाकटा

ताई, मनापासून आभार. ‘सी’ नाही, दोनदा बघितलं. पण मामा म्हणतात, बाकीच्या अंगात नाही हे कशावरून?

मेटाफेजवाली

जुळ्यांवरून. १९७९ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी सीएमएलच्या चार रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडाचा मॅरो दिला, आणि फिलाडेल्फिया क्रोमोसोम दिसेनासा झाला. एकसारखे जुळे एकाच फलित बीजातून येतात. दोष जन्मापासूनचा असता तर जुळ्याच्या मॅरोतही असता आणि तो देऊन काही उपयोग झाला नसता. मामांना एवढं पुरावं.

वॉर्ड_नंबर_नऊ

मी हिमॅटोलॉजीचा, म्हणजे रक्ताच्या आजारांचा रेसिडेंट डॉक्टर. मेटाफेजवाली ताईंचं सीएमएलबद्दलचं सगळं बरोबर आहे. सीएमएलच्या रुग्णाच्या मुलांची तपासणी आम्ही करत नाही. फक्त दुसरं कुणी वाचत असेल तर हे ‘सगळ्या रक्ताच्या कॅन्सरला’ लावू नये म्हणून लिहितो.

ताईंनी ८ आणि २१ चं सांगितलं ना, तो आजार एएमएल, अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. त्यात २१ वरचं जे जनुक तुटतं ते आरयूएनएक्स१. रुग्णाच्या मॅरोत ते तुटतं तेव्हा आनुवंशिक काही नाही. पण १९९९ मध्ये कळलं की काही थोड्या घराण्यांत हेच जनुक जन्मतः बिघडलेलं असतं. त्या घरांत प्लेटलेट पिढ्यानपिढ्या कमी, जरा लागलं की काळंनिळं, आणि काहींना पुढे एएमएल. एकच जनुक, दोन वेगळ्या वाटा. म्हणून एएमएलच्या रुग्णाला आम्ही विचारतो की आत्या, काका, आजोबा कुणाच्या प्लेटलेट कमी असायच्या का, घरात आणखी कुणाला ल्युकेमिया होता का. उत्तर हो आलं तर तपासणी, आणि ती खास करून भावाचा किंवा बहिणीचा मॅरो घ्यायच्या आधी, नाहीतर तेच जनुक परत रुग्णात घातलं जायचं. हे पॅकेजवाल्या लॅबने ठरवायचं काम नाही.

रोजची_चारशे

मी स्वतः सीएमएलवाला, कोल्हापूर. काकांना सांगा :

गोळी भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं. डोळ्यांखाली सूज येईल, रात्री पोटरीत गोळे येतील. डॉक्टरांना सांगायचं, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. मी ओळखतो त्यातले जे बिघडले ते बरं वाटतंय म्हणून गोळ्या चुकवणारे.

पैशांचं म्हणाल तर आपल्याकडे जेनेरिक मिळते. २०१३ साली १ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने मूळ गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीला या औषधाच्या नव्या रूपाचं पेटंट नाकारलं, तेव्हा पेपरांत आलं होतं की कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर आणि इथली आठ-दहा हजारांत. बाकी राजकारण ज्याने त्याने बघावं, माझ्या घरचा हिशोब त्या निकालावर चालतो.

आणि लग्नाचं. माझी दोन्ही मुलं आजार होण्याआधीची, दोघांची लग्नं झाली, सुनेच्या आणि जावयाच्या घरी आधी सांगूनच. विचारणारे विचारतात. उत्तर देता आलं पाहिजे.

पेणचा_धाकटा

सगळ्यांचे आभार. मामांना ही सगळी उत्तरं पाठवली. जुळ्यांचं पटलं म्हणाले, ‘पण घरात विचारून सांगतो’. ताईने ते वाचलं आणि स्वतःच कळवून टाकलं की आमच्याकडून नाही. आई दोन दिवस गप्प होती, बाबा मात्र खूश.

एकच शेवटचं : तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची पीसीआर करायची आहे. जवळची लॅब स्वस्त आहे, पहिली मुंबईत झाली होती. चालेल का?

मेटाफेजवाली

पहिली जिथे झाली तिथेच करा. टक्केवारी आंतरराष्ट्रीय स्केलवर दिली आहे ना तेही बघा, रिपोर्टवर ‘आयएस’ लिहिलेलं असतं. तीन महिन्यांना १० टक्के किंवा खाली आणि वर्षाला ०.१ किंवा खाली आलं पाहिजे. लॅब बदलली की आकडा पेशींमुळे हलला का मशीनमुळे ते कळत नाही. नमुना कुरिअरने पाठवणार असाल तर शुक्रवारी देऊ नका, रविवारी पडून राहतो.