एप्टॉइन 400 केल्यापासून बाबांचा तोल जातोय, पण रिपोर्ट नॉर्मल??

चिमणी_72
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. बाबा 68 वर्षांचे, पाच वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला तेव्हापासून फिट्स येतात म्हणून फेनिटॉइन (एप्टॉइन म्हणजे तीच गोळी) चालू, रोज 300 मिग्रॅ, सगळं सुरळीत होतं. मागच्या महिन्यात न्यूमोनिया होऊन दहा दिवस ॲडमिट होते, घरी आल्यावर एक फिट आली म्हणून 400 करून दिली. आता दोन आठवडे झाले आणि ज्या माणसाने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही तो पिऊन आल्यासारखा चालतोय, भिंत धरून बाथरूमला जातात, काल चहाची बशी टेबलावर ठेवायला गेले आणि कडेच्या अलीकडेच सोडून दिली. एकाचे दोन दिसतात म्हणतात. रक्तातली औषधाची लेव्हल केली ती 18 आली, रिपोर्टवर नॉर्मल 10 ते 20 लिहिलंय, म्हणून डॉक्टर म्हणाले गोळीचा संबंध नाही, वय झालंय. शंभरच तर वाढवली, एवढ्याने होतं का असं?

रानवारा
ताई सरळ बंद करा ती गोळी, माझ्या मामांनी केली होती, काही झालं नाही.

खलबत्ता
रानवारा, असले सल्ले देऊ नका हो. फिटची गोळी मनाने तोडली तर एकामागून एक फिट येत राहते, थांबतच नाही, तो प्रकार जीवावर बेततो. मामा वाचले हे त्यांचं नशीब.

चिमणीताई, मी फार्माकॉलॉजी शिकवते, बाबांना बघितलेलं नाही, तेव्हा निर्णय त्यांच्या न्यूरोलॉजिस्टचाच. पण "शंभरच तर वाढवली" यावर बोलते. पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. एरवी डबे येतात तसे दळून जातात. दिवाळीच्या आधी भाजणीचे डबे आले की गिरणीवाला तासाला जेवढं दळू शकतो तेवढंच दळतो, मग चार डबे जास्त आले तरी रांग पार रस्त्यावर. लिव्हरमधलं जे एन्झाइम फेनिटॉइन मोडतं त्याचं तसंच आहे, आणि ते नेहमीच्या डोसलाच जवळजवळ भरलेलं असतं. म्हणून 300 चे 400 केले की रक्तातली पातळी तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे एक तृतीयांशाने न वाढता दुप्पट तिप्पटही होऊ शकते. यासाठीच वाढवायची तर 25-50 ने वाढवतात.

आता 18 चं. बाबांचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, किती आहे? आजारपणातून उठलेत, जेवण कमी असेल.

चिमणी_72
फाइल शोधली, डिस्चार्जच्या वेळचं 2.6 आहे. त्याचा काय संबंध?

खलबत्ता
सगळाच संबंध. फेनिटॉइन 90 टक्के अल्ब्युमिनला चिकटून फिरतं, मेंदूवर काम करतं ते उरलेलं मोकळं. लॅब दोन्ही मिळून मोजते. अल्ब्युमिन कमी झालं की एकूण आकडा शहाण्यासारखा दिसतो आणि मोकळं औषध मात्र भरपूर. हिशोब असा: अल्ब्युमिनला 0.2 ने गुणा, 0.1 मिळवा, त्याने लेव्हलला भागा. 18 भागिले 0.62, म्हणजे 29. साधारण 20 च्या वर डोळे थरथरतात, 30 च्या आसपास तोल जातो, 40 ला गुंगी. डोकं न हलवता तुमच्या बोटाकडे कडेला बघायला सांगा, बुबुळं झटके देतात का बघा. आणि थांबू नका, आजच न्यूरोलॉजिस्टना फोन करा, 18 आणि 2.6 दोन्ही आकडे सांगा.

अर्धी_गोळी
यात कंपनी बदलली का तेही बघा. 1968 मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधली भरणी बदलली होती, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. औषध तेवढंच, पण शोषलं जायला लागलं जास्त, आणि लोक धडाधड तोल जाऊन पडायला लागले. मी स्वतः आता लेव्हेटिरासेटाम या फिटच्या दुसऱ्या गोळीवर आहे, ती किडनीतून जाते, लिव्हरच्या भानगडी नाहीत, पण चिडचिड एवढी की बायको म्हणते तुमच्यापेक्षा तुमची फिट बरी.

चिमणी_72
अपडेट देते. डोळे कडेला नेले की खरंच थरथरत होते, व्हिडिओ काढून पाठवला. न्यूरोलॉजिस्टनी दोन दिवस गोळी थांबवून परत 300 वर आणायला सांगितलं, पाचव्या दिवशी लेव्हल आणि अल्ब्युमिन एकत्र. आज तिसरा दिवस, अजून भिंत धरतात पण बशी जागेवर ठेवली.

खलबत्ताताई एक अजून, त्यांच्या हिरड्या वर्षभरापासून सुजून दातांवर आल्यात, कवळीवाला म्हणाला ब्रश नीट करत नाहीत. हेही त्याच गोळीचं का?

खलबत्ता
असू शकतं, फेनिटॉइनने हिरड्या वाढतात हे जुनं दुखणं आहे. ब्रश कमी पडला की आणखी फुगतात, त्यामुळे कवळीवालाही पूर्ण चुकीचा नाही 😄 डेंटिस्टला गोळीचं नाव नक्की सांगा.